बॅटरी बदलण्याआधी: गावभागातल्या गाडीच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

सकाळी आईंना (सासूबाईंना) मिरजेला त्यांच्या बहिणीकडे सोडायचं होतं. किल्ली फिरवली. सेल्फचा (इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा) आवाज आलाच नाही, बॉनेटखालून नुसतं कट-कट-कट-कट ऐकू आलं आणि त्याच तालावर डॅशबोर्डचे दिवे मिणमिणले. दोनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा तेवढंही वाजलं नाही. आईंना रिक्षाने पाठवलं आणि ही वही काढली.

गाडी २०१५ची, छोटी पेट्रोल. २३ मेपासून जागची हललेली नव्हती, म्हणजे नऊ दिवस. यंदा मेच्या अखेरीसच पावसाने झोडपून काढलं, त्यात गाडी काढायची गरजच पडली नाही. आत्ताची बॅटरी नोव्हेंबर २०२२ची आहे. वय अडीच वर्षं, वॉरंटी २४ महिन्यांची, ती गेल्या नोव्हेंबरात संपली.

ओळखीच्या एका मेकॅनिकला फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, बॅटरी गेली. नवी टाका, दुसरं काय." असेलही. पण २०२२ मध्ये आम्ही अगदी हेच केलं होतं. गाडी सुरू होईना, माणूस बोलावला, त्याने अर्ध्या तासात नवी बसवली आणि गाडी धावू लागली. पहिली बॅटरी सात वर्षं टिकलेली, त्यामुळे तिचं आयुष्य संपलं असंच सगळ्यांनी धरलं. दुसरी अडीच वर्षांतच आडवी झाली. तिसरीचे पैसे देण्याआधी दुसरी का गेली हे मला कळायला हवं.

गाडी आत्ताच चालू हवी, याला एक कारण आहे. आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो, कृष्णा नदीपासून चालत थोड्या अंतरावर. पावसाळ्यात इथल्या घराघरांत सकाळचा पहिला प्रश्न असतो, आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ धोक्याची. ऑगस्ट २०१९ मध्ये ते ५७ फुटांच्याही वर गेलं. २०२१च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी घरात आलं. दोन्ही वेळा नवऱ्याने रात्रीच गाडी विश्रामबागेत उंचावर नेली आणि आईंना त्याच फेरीत हलवलं. आता तो पुण्याला असतो, शनिवार-रविवारीही नेहमी येता येत नाही. आईंचे गुडघे दुखतात, त्यांना अर्धा किलोमीटर चालवत नाही. पाणी चढायला लागलं की गाडी पहिल्या किल्लीला सुरू व्हायलाच हवी, आणि ती मला सुरू करता यायला हवी.

दुपारी मल्टिमीटर घेतला. डीसी, २० व्होल्टची रेंज. लाल टोक प्लसच्या खांबावर, काळं मायनसवर: ११.७४ व्होल्ट. पूर्ण चार्ज असलेली चांगली बॅटरी, काही तास स्वस्थ राहिल्यावर, १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ला साधारण पाऊण भरलेली, १२.२ला अर्धी, १२ला पाव. ११.७४ म्हणजे रिकामीच.

कट-कटचा अर्थही लिहून ठेवते. सोलेनॉइड (सेल्फला करंट जोडून देणारा चुंबकी स्विच) ओढला जातो, तो सेल्फ मोटरला करंट द्यायला जातो, तेवढ्या भाराने व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत वर येतं, पुन्हा ओढला जातो. म्हणून भराभर. दिवे लख्ख राहून एकच जोरदार 'कट्ट' आलं असतं तर संशय सेल्फ मोटरवर गेला असता.

गल्ली अरुंद आणि उतार नाही, त्यामुळे धक्का मारून सुरू करायचा विचारही केला नाही.

२ जून, सोमवार

संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर टर्मिनलं. प्लसच्या क्लॅम्पवर (खांबाला आवळणाऱ्या केबलच्या टोकावर) निळसर-पांढरा भुगा साठला होता, मायनसवर थोडा कमी.

काढायचा क्रम: आधी मायनस, मग प्लस. गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. मायनस जागेवर असताना प्लसचा नट सोडायला गेलो आणि पाना जवळच्या पत्र्याला टेकला, तर पान्यातून थेट शॉर्ट होतो. पाना लाल होईपर्यंत तापू शकतो. मायनस आधी सुटली असेल तर पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही. नट १०चे. हातातल्या बांगड्या काढून ठेवल्या, चष्मा घातला.

गरम पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या ब्रशने घासलं. फसफस होऊन भुगा सुटला. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत याची आधी खात्री केली होती, कारण सोड्याचं पाणी आत गेलं तर आतलं ॲसिडच मारतं. नंतर साध्या पाण्याने धुऊन, पुसून, खांब आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत केली.

व्होल्टेज तेवढंच, ११.७२. साफ करून बॅटरी भरत नाही हे माहीत होतं, पण खराब जोडामुळे पुढची सगळी मापं खोटी येतात.

४ जून, बुधवार

शेजारचे काका एसटीत इलेक्ट्रिशियन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडे जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर आणि काचेचा हायड्रोमीटर (ॲसिड किती जड आहे ते मोजणारी नळी) अजून आहे, कापडात गुंडाळून ठेवलेला. मागायला गेले तर म्हणाले, "पोरी, चार्जर ने, पण आधी पाणी बघ. कोरड्या पत्र्यांना चार्जिंग लावशील तर उरलीसुरली पण जाईल."

बरोबर निघालं. बॅटरीला सहा झाकणं, आत सहा घरं (सेल), प्रत्येकात शिशाचे पत्रे (प्लेटी). पाच घरांत पाणी पत्र्यांच्या जेमतेम वर, तिसऱ्यात पत्र्यांची टोकं उघडी. एप्रिलच्या उन्हात बॉनेटखाली पाणी उडतं, आणि मी वर्षभरात एकदाही झाकण उघडून पाहिलं नव्हतं. बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड, नळाचं किंवा फिल्टरचं नाही) फक्त पत्रे बुडतील इतकंच घातलं. पूर्ण पातळी चार्जिंगनंतर करायची. चार्ज होताना पाणी फुगतं आणि भरून ठेवलं तर उतू जाऊन ॲसिड बाहेर येतं.

बॅटरी गाडीतून काढून मागच्या पडवीत ठेवली. दहा-अकरा किलो भरते, सरळ धरूनच उचलायची. झाकणं सैल, आजूबाजूला देव्हाऱ्याची समई नाही, गॅस नाही. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन सुटतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. चार्जरची टोकं आधी बॅटरीला लावली, मग भिंतीवरचं बटण. काढताना उलट. करंट साडेतीन अँपिअरच्या आसपास ठेवला. ३५ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीला दहावा हिस्सा हा काकांचा नियम.

रात्री दोनदा वीज गेली. सकाळपर्यंत पुरं होणार नाही.

५ जून, गुरुवार

एकूण तेरा-चौदा तास चार्जिंग. संध्याकाळी बंद केलं. लगेच १२.९ दाखवतेय, पण तो वरवरचा फुगवटा. रात्रभर तशीच ठेवणार.

७ जून, शनिवार

काल सकाळी मोजलं: १२.२८. रात्रभर चार्ज करून रात्रभर विश्रांती, आणि तरी अर्ध्याच्या जरा वर. आज सकाळी १२.२१. काही न जोडता पडवीत ठेवलेली बॅटरी एका दिवसात ०.०७ उतरली.

मग हायड्रोमीटर. काका स्वतः आले, लेक वहीत आकडे लिहायला बसली. रबरी फुगा दाबून नळी घरात बुडवायची, हळूच सोडायचं, ॲसिड वर चढतं आणि आतला तरंगणारा काटा जिथे थांबतो तो आकडा डोळ्यांच्या रेषेत वाचायचा. पहिलं घर १.२४०, दुसरं १.२३५, तिसरं १.१५०, चौथं १.२४०, पाचवं १.२३५, सहावं १.२४०.

तिसऱ्याचं तीनदा पाहिलं. १.१५०च.

हा आकडा काय सांगतो ते लेकीला समजावताना मलाच नीट कळलं. एका पत्र्यावर शिसं, दुसऱ्यावर शिशाचा डायऑक्साइड, मध्ये पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक ॲसिड. बॅटरी वीज देते तेव्हा ॲसिडातलं सल्फेट दोन्ही पत्र्यांवर जाऊन बसतं आणि मागे पाणी उरतं, म्हणून द्रव हलका होतो. चार्ज केली की सल्फेट पत्र्यांवरून सुटून परत ॲसिडात येतं, द्रव जड होतो. पूर्ण चार्ज घर १.२६५ ते १.२८० दाखवतं. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट रिकामी राहिली तर पत्र्यांवरच्या सल्फेटचे बारीक कण एकत्र येऊन टणक खडे होतात आणि मग कितीही चार्ज करा, ते सुटत नाहीत. पाच घरं १.२४०वर अडकलीत त्याचं कारण हे. तिसऱ्या घराचे पत्रे तर काही काळ कोरडेच होते. घराघरांत ०.०५०पेक्षा जास्त फरक म्हणजे ते घर गेलं. इथे फरक ०.०९०चा आहे. घरं एकामागे एक जोडलेली असतात, त्यामुळे एक कमजोर घर सगळ्यांना खाली ओढतं.

काकांनी काटा धुऊन परत कापडात गुंडाळला आणि म्हणाले, "ही गेली. पण एवढ्या लवकर का गेली, ते हिच्यात नाही सापडायचं. गाडीत बघ."

८ जून, रविवार

जुनी बॅटरी पुन्हा दोन तास चार्ज करून गाडीत बसवली, फक्त तपासण्यांपुरती. आज तीन गोष्टी पाहिल्या.

पहिली, सेल्फ मारताना व्होल्टेज. लेक किल्लीवर, मी मीटरवर. ८.४पर्यंत खाली आलं आणि इंजिन कसंबसं घेतलं. चांगली बॅटरी सेल्फच्या भाराखाली ९.६च्या खाली जायला नको. बॅटरीचा निकाल आणखी पक्का.

दुसरी, अल्टरनेटर, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा जनरेटर. इंजिन चालू असताना बॅटरीच्या खांबांवर १४.२. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर सगळं लावून १३.८. म्हणजे तो भरतोय व्यवस्थित. हे तपासल्याशिवाय नवी बॅटरी घेतली असती आणि अल्टरनेटर बिघडलेला असता, तर नवीही महिन्यात रिकामी झाली असती.

तिसरी काकांनी सुचवली, "अर्थिंग बघितलंस का?" अर्थिंग म्हणजे मायनसचा बॉडी आणि इंजिनशी असलेला जोड. बघितलं नव्हतं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ मारायचा. जोड निर्दोष असेल तर ०.२ व्होल्टच्या आत यायला हवं. आलं ०.४५. जवळपास अर्धा व्होल्ट वायरीतच हरवत होता. मायनसची केबल बॉडीला जिथे बोल्टने बसते तो बोल्ट सोडला. लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली गंज आणि वाळलेला चिखल. २०२१च्या पुरात गाडी उंचावर होती, पण रस्त्यांवर साठलेल्या पाण्यातून ती परत आणली होती, तेव्हाचा असेल. खरवडून, पॉलिश पेपर मारून, पुन्हा घट्ट केलं. आता ०.१२.

हे जमलं म्हणून आनंद झाला, पण अडीच वर्षांत बॅटरी मरायला एवढं पुरेसं नाही. खराब अर्थिंगने सेल्फ दुबळा होतो, उभ्या गाडीतली बॅटरी रिकामी होत नाही.

१० जून, मंगळवार, वटपौर्णिमा

आई पूजेला गेल्या होत्या, मला अर्ध्या दिवसाची सुटी. उभी गाडी किती करंट पिते ते मोजायचं ठरवलं.

आधी झालेली चूक लिहिते, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. करंट मोजायला मीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या भोकात घालावं लागतं. ते तिथे ठेवूनच मी सहज आधी व्होल्टेज पाहावं म्हणून दोन्ही टोकं बॅटरीच्या खांबांवर ठेवली. त्या भोकातून मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तार असते. ठिणगी उडाली, मीटरच्या वायरीचं टोक काळं झालं आणि मीटरचा आतला फ्यूज उडाला. फ्यूज होता म्हणून मीटर वाचला. स्वस्त मीटरमध्ये १० अँपिअरच्या बाजूला बऱ्याचदा फ्यूजच नसतो, तेव्हा वायर हातात वितळते. फ्यूज आणायला मारुती चौकातल्या दुकानापर्यंत जाऊन आले. आता मीटरवर चिकटपट्टी लावून लिहिलंय: लाल टोक कुठे आहे ते आधी बघ.

मग पुन्हा. किल्ली काढलेली, सगळं बंद. मायनस क्लॅम्प काढला, मीटरचं एक टोक खांबाला, दुसरं सुटलेल्या क्लॅम्पला. आता गाडीत जाणारा प्रत्येक कण मीटरमधून जातो. या अवस्थेत किल्ली फिरवायची नाही, सेल्फ तर अजिबात नाही. ड्रायव्हरचं दार उघडं लागणार होतं, म्हणून दाराचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने बंद केल्यासारखं करून घेतलं, नाहीतर छताचा दिवा चालू राहतो आणि आकडा फसवतो.

सुरुवातीला ०.९ अँपिअर. गाडीतली कंट्रोल युनिटं झोपायला वेळ घेतात. अर्धा तास थांबले, मटार सोलून झाले. आकडा ०.१४वर स्थिरावला आणि तिथेच राहिला.

उभ्या गाडीने ०.०५च्या आतच प्यायला हवं. ०.१४ दिसायला क्षुल्लक आहे, पण तो दिवसाचे चोवीस तास चालू असतो. दिवसाला सुमारे ३.४ अँपिअर-अवर. नवीकोरी ३५ची बॅटरीही पाच दिवसांत अर्ध्यावर येते, साडेदहा दिवसांत तळ गाठते. आमची गाडी नऊ दिवस उभी होती.

स्टिअरिंगखालचा फ्यूज बॉक्स उघडला आणि एकेक फ्यूज काढत मीटर पाहत गेले. सेंट्रल लॉक: ०.१४. हॉर्न: ०.१४. रेडिओचा काढला आणि आकडा धपकन ०.०२वर. तो परत लावला: ०.१४. त्याच फ्यूजवर छताचा दिवा आणि घड्याळही आहे, म्हणून म्युझिक सिस्टिम खेचून मागचा सॉकेट काढला. फ्यूज जागेवर, सिस्टिम सुटी: ०.०२.

सापडलं. संध्याकाळी नवऱ्याला फोन केला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. सिस्टिम त्यानेच बसवून घेतली होती, २०२१च्या दिवाळीत, रिव्हर्स कॅमेऱ्यासकट, एका दुकानातून. त्यात त्याची काही चूक नाही, आणि तसं मी त्याला सांगितलंही.

आता सगळी साखळी जुळते. सिस्टिम नोव्हेंबर २०२१ला आली, आणि सात वर्षं चाललेली जुनी बॅटरी वर्षभरातच गेली. आम्ही वयाला दोष दिला. नवी बसली. तेव्हा नवरा रोज गाडीने कुपवाडच्या एमआयडीसीत जात-येत होता, त्यामुळे रात्रीत गेलेलं सकाळी भरून निघायचं आणि काही जाणवलं नाही. जून २०२४मध्ये त्याची पुण्याला बदली झाली. तेव्हापासून गाडी आठवड्यातून एकदा हरिपूरला नाहीतर मिरजेला. आठवड्याला तेवीस-चोवीस अँपिअर-अवर जाणार आणि मिरजेच्या एका फेरीत त्यातलं थोडंच परत येणार. वर्षभर बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही, आणि पत्र्यांवर सल्फेट टणक होत गेलं.

१४ जून, शनिवार

नवरा आला होता, दोघांनी मिळून सिस्टिमच्या मागे पाहिलं. अशा सिस्टिमला सहसा दोन प्लस लागतात. पिवळी वायर कायम चालू, घड्याळ आणि स्टेशनं लक्षात ठेवण्यापुरती, तिला नगण्य करंट लागतो. लाल वायर किल्ली फिरवल्यावरच चालू व्हायला हवी, तीच सिस्टिमला जागं करते. आमच्याकडे काळ्या टेपखाली पिवळी आणि लाल एकत्र पिळून कायमच्या प्लसला जोडलेल्या होत्या. किल्लीशिवाय गाणी लागतात म्हणून आम्हाला ते सोयीचंच वाटायचं. पडदा बंद केला तरी सिस्टिम आत जागीच होती.

गाडीकडून येणाऱ्या वायरींच्या रंगांवर विश्वास न ठेवता मीटरने शोधलं. किल्ली बंद असताना शून्य आणि पहिल्या टप्प्याला १२ दाखवणारी वायर हवी होती, ती वापराविना टेप लावून मागे पडलेली सापडली. लाल तिला जोडली. पिळून टेप न मारता क्रिंप कनेक्टर (वायरीवर दाबून बसवायचे जोड) दाबले, वर हीटश्रिंक नळी, तापवली की आवळणारी. मायनस अर्थात काम होईपर्यंत काढलेली.

अर्धा तास थांबून पुन्हा मोजलं: ०.०३. दिवसाला पाऊण अँपिअर-अवरही नाही. चांगली बॅटरी तीन आठवडे उभी राहिली तरी अर्ध्यावर येणार नाही.

१५ जून, रविवार

शंभर फुटी रोडला बॅटरी घ्यायला गेलो. मीटर पिशवीत.

जुन्या बॅटरीवर ३८बी२०एल असा छाप होता. त्यातला ३८ म्हणजे अँपिअर-अवर नव्हे, ताकदीची श्रेणी. बी म्हणजे रुंदी-उंचीचा गट. २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये. एल आणि आर हे प्लसचा खांब कुठल्या बाजूला आहे ते सांगतात. पहिल्या दुकानात माणसाने आर काढून दिली, "एकच आहे ओ, फिरवून बसवा." फिरवून बसवली की खांब मागच्या बाजूला जातात आणि केबल ताणली जाते किंवा पोचतच नाही. ताणलेली प्लसची केबल एखाद्या खड्ड्यात पत्र्याला घासली तर गाडी पेटू शकते. तिथून निघालो.

दुसऱ्या दुकानात एल होती, पण मीटरने १२.३१. तयार होऊन बरेच महिने पडून असावी. पडून राहिलेल्या बॅटरीवरही सल्फेट बसतं, मग घरी आणून तिची सुरुवातच आजारी होणार. माणूस चार्ज करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं.

तिसऱ्याकडे मागच्या महिन्यातल्या तारखेची, १२.६४. दुकानदारांनी मी मीटर लावल्याबद्दल नाराजी दाखवली नाही, उलट स्वतःचा लोड टेस्टर (भार टाकून बॅटरी तपासणारं यंत्र) आणून दाखवला. ४,२०० रुपये, जुनी परत दिल्यावर ३,६००. कार्डावर तारीख, शिक्का आणि गाडीचा नंबर तिथेच लिहून घेतला.

जुनी तिथेच दिली. सोसायटीतून एक भंगारवाला थोडे जास्त पैसे द्यायला तयार होता. पण उघड्यावर फोडणारे लोक ॲसिड गटारात ओततात, आणि आमच्या भागातलं गटार कुठे जातं ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. शिसं तर मातीतून जातच नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, आणि ती साखळी दुकानापासूनच सुरू होते.

दुपारी बसवली. आधी ट्रे काढून सोड्याच्या पाण्याने धुतला, कारण जुन्या बॅटरीखाली ॲसिड ओघळून पत्र्याचा रंग सुटला होता. तिथे गंज काढून रंगाचे दोन हात दिले आणि वाळायला तीन तास थांबलो. मग बॅटरी, वरची पट्टी आणि तिचे दोन्ही हुक. पट्टी हाताने हलवून पाहिली. सैल बॅटरी खड्ड्यांत हादरते आणि पत्र्यांवरचा मसाला झडतो, हे काकांनी आयुष्यभर एसटीच्या बॅटऱ्यांत पाहिलंय. प्लस आधी, मायनस शेवटी. क्लॅम्प खांबावर हातोडीने ठोकला नाही, तोंड फाकवून बसवला. घट्ट केल्यावर वरून व्हॅसलीनचा पातळ हात. आधी लावलं तर ते मध्येच राहतं.

सेल्फ: पहिल्या किल्लीला. व्होल्टेज १०.७च्या खाली गेलं नाही. इंजिन चालू असताना १४.२. घड्याळ लावून घेतलं, काचा वर-खाली करून पाहिल्या. मग आईंना घेऊन सगळे गणपती मंदिरापर्यंत गेलो. येताना काकांसाठी भडंग.

२२ जून, रविवार

सात दिवस मुद्दाम गाडी हलवली नाही. १२.६०. सुरू झाली, लगेच.

आज आईंशी बसून पावसाळ्याचं ठरवलं. पाणी ३५ फुटांवर गेलं की ४०ची वाट न बघता गाडी विश्रामबागेत माझ्या भावाच्या सोसायटीत. त्यांची औषधं, कागदपत्रं आणि दुसरी किल्ली देव्हाऱ्याखालच्या खणात. आई म्हणाल्या, "मागच्या वेळी मी शेवटपर्यंत निघायला नको म्हणत होते. या वेळी तू म्हणशील तेव्हा निघेन." मी वहीत लिहितेय तेही त्यांनी पाहिलं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

चौदा दिवस उभी, त्यात सलग पाऊस. १२.५६. मीटर लावताना लेकीने न सांगता आधी लाल टोकाचं भोक तपासलं.

बॉनेटच्या आतल्या बाजूला प्लास्टिकमध्ये घालून एक कार्ड चिकटवलं: बसवल्याची तारीख, सेल्फच्या वेळचं व्होल्टेज, चार्जिंगचं व्होल्टेज, उभ्या गाडीचा ०.०३, आणि पाणी तपासायच्या तारखा, दर दोन महिन्यांनी. लेकीने खाली गाडीचं चित्र काढलंय.

राहिलेलं काम: मायनसची केबल जुनी आहे, लगजवळच्या चार-पाच तारा तुटल्यात. नवी केबल १६ चौरस मिलिमीटरची, लग दाबून, काका करून देणार आहेत. पुढच्या शनिवारी.